व्हॅनमधला हीटर आणि दसऱ्याचा हार

माझ्या मेहुण्यांनी डोंबिवलीभर एक कथा पसरवली आहे: जावई व्हॅनमध्ये गुदमरत होते आणि मी यंत्राकडे बघत उभा होतो. मेहुणे तेव्हा हजर होते, म्हणून लोक विश्वास ठेवतात. हजर मीही होतो.

जावयांचा व्यवसाय हॉटेलांच्या भटारखान्यांतील चिमण्या धुण्याचा. तेलाचा थर थंड पाण्याला दाद देत नाही, म्हणून त्यांच्या व्हॅनमध्ये डिझेलवर पाणी तापवणारा हीटर मी बसवला. कोलशेतच्या कारखान्यात उभी हयात फिटर म्हणून काढलेल्या माणसाने हे काम दुसऱ्याच्या हाती का द्यावे? तळाच्या पत्र्याला दोन भोके पाडली. एका नळीने हीटर बाहेरची हवा ओढतो, दुसरीने धूर बाहेर टाकतो. प्रत्येक क्लिप दोनदा आवळली.

दसऱ्याला सोसायटीच्या आवारात, भिंतीलगत, हार बांधून गाडीची पूजा झाली आणि हीटर प्रथमच पेटवला. जावई आत पाण्याचा काटा पाहत होते; भिंतीकडचा सरकता दरवाजा अर्धा उघडा होता. थोड्याच वेळात गाडीखालून पांढरा धूर उसळला आणि भिंतीला अडून आत शिरला. आतून खोकला ऐकू आला. मग तोही थांबला.

मी बटण बंद केले, जावयांना दंडाला धरून बाहेर ओढले आणि भिंतीशी बसवले. कथेत हे नाही, कारण मेहुणे गाडीच्या पलीकडे होते.

“भाऊजी, बॅटरीची वायर उपटा!”

“हात लावू नका! हीटरचा पंखा बॅटरीवर चालतोय, त्याच्या पोटातला धूर निघू दे.”

“माणूस मरतोय आणि तुम्हाला पंख्याचं पडलंय?”

“माणूस बाहेर आहे! जरा वळसा घालून बघा तरी!”

पंखा थांबेपर्यंत मी वायरीपाशी पहारा दिला. हेच माझे ते ‘बघत उभे राहणे’. जावयांना अजून नीट श्वास घेता येत नव्हता. त्यांची पाठ चोळत मुलीने विचारले, “बाबा, तुमचं फिटिंग सुटलं का हो?”

मी पूजेच्या धोतरासकट गाडीखाली शिरलो. क्लिपा जागच्या जागी होत्या. नळीचा एकही सांधा ढळला नव्हता. मात्र हवेच्या नळीच्या तोंडात झेंडूची फुले बुचासारखी बसली होती; हीटरने ती हारासकट ओढून घेतली होती. हवेविना डिझेल अर्धवट जळत होते.

तासाभराने जावई सावरले. आता ते सर्वांना सांगतात, “हार मी बांधला होता.” मेहुण्यांची कथा मी खोडतो, तशी हीही खोडतो. हार मी बांधला. दरवाजाच्या पायरीखाली लोंबणारे त्याचे टोक वाईट दिसत होते, म्हणून ते गाडीखाली खोचले तेही मीच. तिथे नळीचे तोंड आहे, हे त्या आवारात फक्त मला ठाऊक होते.