अर्विडच्या शर्टाची शेपटी

अर्विड रिंटालाला विचारलंत तर आमच्या जंगलात हरणं उरलीच नव्हती. एखाददुसरं असलंच तर ते नॉर्ब झास्ट्रोच्या डोक्यात होतं. आणि नॉर्बला विचारलंत तर हरणं इतकी माजली होती, की गोठ्यात येऊन गायींच्या रांगेत धारेला उभी राहायची तेवढी बाकी होती. दोघांची घरं एकाच रस्त्यावर, चर्च एक, गुत्ता एक, शिकारीचा कॅम्पही एक. जंगल मात्र दोघांचं वेगवेगळं.

मिशिगनच्या या वरच्या अंगाला नोव्हेंबरात दुसरा विषयच नसतो. शिकारीच्या पहिल्या दिवशी शाळेला सुट्टी, आणि त्या आठवड्यात लग्न ठरवणाऱ्याला आम्ही शहाणा म्हणत नाही. गुत्त्यात सगळ्यांचं बोलणं एकाच वळणावर येतं: यंदा हरणं किती? ज्याच्या अंगणातल्या झाडाला हरीण टांगलेलं असतं, तो म्हणतो पुष्कळ. ज्याच्या झाडाला नुसताच दोर, तो लांडग्यांना शिव्या देतो, मग सरकारी खात्याला, मग गेल्या वर्षीच्या बर्फाला. यात खोटं कोणीच बोलत नाही. प्रत्येकजण आपापल्या झाडाकडे बघून बोलतो, एवढंच.

अर्विडचा दोर आठ वर्षं रिकामा होता. जन्मभर त्याने काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवला होता, आता शहात्तर वर्षांचा होता. फिनिश माणूस मुळातच कमी बोलतो. अर्विडने उभ्या आयुष्यात वाचवलेले शब्द या आठ वर्षांत हरणांवर उधळले. गेल्या नोव्हेंबरात, हंगामाच्या आदल्या शुक्रवारी, तो असाच गुत्त्यात लांडग्यांवर घसरला होता. शेजारी नॉर्ब बिअर घेऊन बसलेला. नॉर्बची मक्याची शेती, पंचावन्न गायी आणि मोठं तोंड.

"लांडगे खातात म्हणे!" नॉर्ब म्हणाला. "अरे, माझ्या मक्याच्या चार ओळी हरणांनी खाल्ल्या. लांडग्यांनी नाही. लांडगा मका खात नाही, अर्विड, एवढं तर तुला माहीत असेल?"

"तुझ्या मक्यात असतील. जंगलात नाहीत."

"जंगलात नाहीत, की तुला दिसत नाहीत? नाचता येईना अंगण वाकडं!"

गुत्ता हसला. अर्विडही हसला, पण बिअर अर्धी टाकून उठला. त्याने आयुष्यात तोवर अर्धी बिअर टाकली नव्हती, हे नॉर्बच्या लक्षात आलं, पण तोवर दार बंद झालं होतं.

नॉर्बचा बाण कुठे लागला ते सांगायला हवं. हरणं नसतील तर दोष जंगलाचा. पण हरणं असतील, आणि आठ वर्षं अर्विडला दिसलीच नसतील, तर मग डोळे गेले, कान गेले, माणूस संपला. गेली आठ वर्षं तो लांडग्यांशी भांडत नव्हताच. आपण म्हातारे झालो नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

घरी येऊन त्याने बायकोला, लॉरेनला, सांगितलं, "हे शेवटचं वर्ष. यंदाही काही नाही दिसलं तर रायफल भाच्याला देऊन टाकतो. नुसतं गारठत बसायला कॅम्प कशाला हवा?"

लॉरेन पेस्ट्या वळत होती. मांस-बटाट्याचं सारण पोळीत घालून कडा मुरडत होती. तिचे हात थांबले नाहीत. पन्नास वर्षांच्या संसारात तिला कळलं होतं, की या माणसाला समजवायला गेलं की तो जास्तच ठाम होतो. ती आतून एक नवाकोरा लोकरी शर्ट घेऊन आली, लाल-काळ्या चौकड्यांचा.

"शेवटचंच वर्ष आहे तर नीटनेटका तरी जा. नंतर हा पत्त्यांच्या डावाला होईल. फाडून आणू नकोस."

कॅम्प म्हणजे ओंडक्यांची एक खोली. अर्विडच्या बापाने, उर्होने, बांधलेली. मागे अंगभर वाफ घ्यायची खोपटी, सौना. ती आधी बांधली, खोली नंतर. आमच्याकडे क्रम तोच असतो. आत चूल, चार फळ्यांचे पलंग, आणि एका भिंतीवर चिंध्या. या चिंध्यांना हसू नका. नेम चुकला की चुकणाऱ्याच्या शर्टाची मागची शेपटी कापायची, त्यावर नाव घालायचं आणि भिंतीला ठोकायची, असा आमच्याकडच्या कॅम्पांचा रिवाज आहे. वाद नाही, दयामाया नाही. नॉर्बच्या चार शेपट्या त्या भिंतीवर आहेत. जोडल्या तर एक शर्ट होईल. चुलीशेजारी एक निळी, विटलेली चिंधी आहे, ती उर्होची. म्हाताऱ्याने नेम कसा चुकला ते मरेपर्यंत सांगितलं नाही. अर्विडची मात्र एकही नव्हती, आणि हे तो दरवर्षी एकदा तरी बोलून दाखवायचा.

"ज्याला हरीणच दिसत नाही त्याचा नेम कसा चुकणार?" कात्री ठेवायचं काम ज्या डॉनकडे होतं, तिने विचारलं. डॉन ही नॉर्बची मुलगी. शाळेची बस चालवते, जीभ बापाची आणि नेम आईचा.

पहिल्याच दिवशी सकाळी नॉर्बने आपल्या शेताच्या कडेला एक नर पाडला. दुसऱ्या दिवशी डॉनने पाडला. अर्विड दोन्ही दिवस उजाडण्यापासून अंधारापर्यंत जंगलातल्या एका तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावर, आपल्या जागी, बसून राहिला. आमच्याकडे बसायची जागा बापाकडून मुलाकडे येते. दुसऱ्याच्या जागेवर कोणी बसत नाही आणि आपली कोणी सोडत नाही. तो बुंधा उर्होचा. उर्होने तिथून हरणं मारली, अर्विडने तिथून मारली. आता तिथे त्याला एक खार दिसली, तीही कंटाळलेली.

"काका," रात्रीच्या जेवणाला डॉन म्हणाली, "तिथे मेपल केवढे वाढलेत. खाली गवताची काडी उगवत नाही. हरणाने यायचं कशाला, तुमच्याशी गप्पा मारायला?"

"माझा बाप तिथे चाळीस वर्षं बसला."

"तेव्हा ते मेपल माझ्या कमरेइतके होते."

"जागा बदलायला तो काय तुझ्या बसचा थांबा आहे?" अर्विड एवढा मोठ्याने बोलला की नॉर्बने पेस्टी खाली ठेवली. अर्विडने एकदा भिंतीवरच्या निळ्या चिंधीकडे बघितलं आणि अंथरुणात शिरला. भाच्याला रायफल कधी द्यायची, नाताळला की आधी, याचा तो विचार करत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी बापलेक आपली हरणं घेऊन गावात गेले. आपण काय पाडलं ते गावाला दाखवल्याशिवाय शिकार पुरी होत नाही. अर्विड बुंध्यावरून लवकर परतला. त्याने सौना तापवली, कपडे खुंटीला टांगले, चष्मा त्यांच्यावर, आणि डोक्यावर लोकरी टोपी तेवढी ठेवून घाम गळेपर्यंत वरच्या फळीवर बसला. मग मागचं दार उघडून बर्फात उभा राहिला. सौनातून निघालं की असं उभं राहायचं असतं. अंगातून वाफा निघतात आणि माणसाला वाटतं की जग बरं आहे.

समोर हरणं होती.

तीन माद्या, आणि त्यांच्या मागे एक रुंद शिंगांचा नर. गुत्त्याच्या एका भिंतीपासून दुसरी असते, तेवढ्या अंतरावर. अर्विड श्वास रोखून उभा राहिला. त्याने शिंगांची टोकं मोजली, आठ. नराच्या डाव्या कानाला चीर होती, तीही दिसली. चष्मा आत खुंटीवर होता! हरणं कोवळे शेंडे खुडत होती आणि तो कुरकुर आवाज त्याला स्पष्ट ऐकू येत होता. शेंडे पॉपलरचे होते. सौनाच्या जळणासाठी मागची पॉपलर त्यानेच तोडली होती, बरीच वर्षं झाली त्याला. बुंध्यांना धुमारे फुटून आता तिथे रान माजलं होतं. खाली बर्फ असा तुडवलेला, की हरणं तिथे रोजची येणारी होती हे आंधळ्यालाही कळलं असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

नराने मान वर केली. टोपी घातलेला, वाफाळणारा, नागडा म्हातारा त्याने बहुधा आधी पाहिला नसावा. तो बघतच राहिला. अर्विडला हसू आवरेना. डोळे शाबूत होते, कान शाबूत होते. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हरणं शेपट्या उंचावून पळाली. पायाची बोटं बधिर झाली तेव्हा कुठे तो आत शिरला.

संध्याकाळी नॉर्बने विचारलं, "दिसलं का काही?"

दारूच्या दोन घोटांनंतर विचारलेला, नेहमीचा प्रश्न. अर्विडने आणखी एक पेस्टी उचलली. कोणी बघितलं नव्हतं. आठ वर्षं गावभर ओरडून सांगितलेली गोष्ट गिळायची तर ती मासळीच्या काट्यासारखी आडवी होणार होती. "एक खार," तो म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं. तरी त्याला स्वतःचा राग आला. रात्री बराच वेळ तो चुलीचा उजेड त्या निळ्या चिंधीवर हलताना बघत पडला.

पहाटे तो उठला आणि बुंध्याच्या वाटेला लागलाच नाही. दारातच त्याने मनातल्या मनात, फिनिशमध्ये, बापाची माफी मागितली. मग सौनातली लाकडी बादली उपडी घालून तो मागच्या भिंतीला टेकून बसला. बसताना असं वाटलं, की आता कोणीतरी येऊन कानाला धरून उठवणार. कोणी आलं नाही. उजाडलं आणि नर आला. चिरलेल्या कानाचा, एकटाच, घरचा असल्यासारखा.

अर्विडने रायफल खांद्याला लावली. जन्मात पहिल्या हरणाच्या वेळी लटपटले होते, तसे त्याचे हात लटपटले. ते वयाने नाही, आनंदाने. बार झाला. पॉपलरची एक फांदी तुटून खाली आली, आणि नराने तिच्याकडे एकदा बघून जंगलाचा रस्ता धरला.

कॅम्पचं दार धाडकन उघडलं. नॉर्ब लांब चड्डीवरच बूट चढवून धावत आला, मागे हातात कॉफीचा कप घेऊन डॉन. तिथे बर्फात रक्ताचा थेंब नव्हता, आणि अर्विड बादलीवर बसला होता. नॉर्बने त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवशीची अर्धी बिअर त्याला आठवली असावी, कारण तो एकदम हळू बोलला.

"लांडगा होता ना रे? लांडगाच असणार. लांडग्याला घाबरवायला हवेत झाडलीस, होय ना?"

पन्नास वर्षांत नॉर्बने कोणासाठी सुटकेचं एवढं मोठं दार उघडं धरलं नव्हतं. अर्विडने नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं.

तो उठला, पाठ फिरवली आणि पँटमधून शर्टाची मागची बाजू ओढून बाहेर काढली.

"नर होता. आठ टोकांचा. अगदी समोर होता आणि मी चुकलो. डॉन, कात्री आण."

"इथे?" नॉर्ब म्हणाला. "सौनाच्या मागे?"

"चुकायला आधी हरीण लागतं, नॉर्ब. होतं म्हणून चुकलो."

"म्हणजे हरणं आहेत! म्हण, एकदा तोंडाने म्हण!"

"आहेत. पुष्कळ आहेत. बुंध्यापाशी मात्र नाहीत ते नाहीतच."

"हा! आणि माझ्या मक्यात आहेत ते?"

"मका कोणी खाल्ला ते तुझं तू बघ. तुझ्या गायींवर माझा आधीपासून संशय आहे."

डॉनने कॉफीचा कप बापाच्या हातात दिला आणि धावत जाऊन कात्री आणली. तिने दया दाखवली नाही. पार कमरेपर्यंत कापला. अर्विडने तुकडा स्वतः ठोकला, चुलीशेजारी, निळ्या चिंधीला लागून. हातोडी खाली ठेवल्यावर तो जरा वेळ तिथेच उभा राहिला. उर्हो कसा चुकला असेल? त्यालाही कदाचित अचानक, भलत्याच जागी दिसलं असेल. अर्विडला बापाची फार आठवण आली, आणि बरं वाटलं. पाठीला वारा लागत होता.

हंगाम संपला तेव्हा त्याचा दोर रिकामाच होता. चिरलेल्या कानाचा नर पुन्हा आला नाही. अर्विड घरी पोचला, कोट काढला आणि बायकोकडे पाठ न करता भिंतीच्या कडेकडेने स्वयंपाकघरात शिरला. लॉरेनने त्याला खांद्याला धरून फिरवलं. पाठीमागे नव्या शर्टाला मोठं भगदाड होतं, आतली बनियन दिसत होती.

तिने कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. ओरडेल म्हणून अर्विडने मान खांद्यात घेतली होती.

"पत्त्यांना आता हा चालायचा नाही," ती म्हणाली. "लोक हसतील. कडा शिवून ठेवते. पुढच्या नोव्हेंबरला हाच घाल."