टाकीवाले भाऊ आणि ओला दगड

गिरणीचा दगड झिजून गुळगुळीत झाला की टाकीवाले भाऊ त्याला शिव्या घालायचे. "टकल्या, चरबी चढली काय तुला?" असं म्हणत त्याला एक थाप मारायचे आणि गोणपाट अंथरून त्याच्यासमोर फतकल मारून बसायचे. माणसांशी मात्र इतकं मोकळं बोलणं त्यांना जमत नसे. माझ्याकडे काम असलं तर दाराबाहेर उभे राहून खाकरायचे, आणि माझं लक्ष गेलं नाही तर तसेच उभे राहायचे.

नेऱ्याच्या रस्त्यावरची आमची पिठाची गिरणी सासऱ्यांनी घातलेली. यजमान नोकरीला, त्यामुळे पट्टा चढवण्यापासून दळण तोलण्यापर्यंत सगळं माझ्या गळ्यात. दळून दळून दगडाच्या खाचा बुजल्या की पीठ जाडं पडतं, वर गरम. मग भाऊंना निरोप जायचा. छिन्नी-हातोडीने ते दगडावर पुन्हा खाचा पाडायचे. त्यालाच टाकी लावणं म्हणतात. संध्याकाळपर्यंत त्यांच्या मिशा, भुवया, पापण्या सगळं पांढरं होऊन जाई. "भाऊ, आज अगदी म्हातारे दिसता," मी चिडवायचे. "दिसतोय कसला वयनी, हायच," ते म्हणायचे.

त्यांची आई घरोघरच्या जात्यांना टाकी लावत हिंडायची. गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली, तसे भाऊ गिरण्यांच्या दगडांकडे वळले. पुढे नवीन पनवेलच्या सोसायट्यांमधून पाकिटातलं पीठ आणि घरघंट्या शिरल्या, तेव्हा म्हणाले, "आई जात्यावर जगली, मी गिरनीवर जगलो. आता पाकिटाला कुठं टाकी लावू?" आणि स्वतःच हसले. हसता हसता त्यांना जो खोकला लागला, तो चहा निवला तरी थांबला नाही.

तो खोकला आम्ही सगळ्यांनीच अंगवळणी पाडून घेतला होता. एक दिवस त्यांची लेक सुनंदा उरणहून थेट गिरणीत आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, छातीत दगडाची धूळ बसली आहे. काम सोडा; सोडवत नसेल तर निदान दगड ओला करून टाकी लावा, म्हणजे धूळ उडणार नाही. "वयनी, बाबा माजं ऐकत नाय," ती पदराने डोळे पुसत म्हणाली. "तुमी सांगा. तुमचं ऐकतील."

यात मेख एकच होती. ओल्या दगडाला पीठ चिकटतं, आंबूस वास धरतं. तो चांगला वाळेपर्यंत दोन दिवस गिरणी बंद ठेवावी लागते. मी भाऊंना म्हटलं, "राहील बंद. आभाळ नाही कोसळणार." त्यांनी खूप आढेवेढे घेतले, पण शेवटी पाण्याची बादली मागितली. त्या दिवशी त्यांच्या मिशा काळ्याच राहिल्या.

पण दिवस गौरी-गणपतीच्या तोंडावरचे. पाऊस उघडीप देईना, दगड वाळेना. मोदकांचे तांदूळ घेऊन बायका यायच्या आणि तशाच परत जायच्या. भाऊ दारात बसून प्रत्येकीला हात जोडत होते, जणू दगड त्यांनीच फोडला होता. नेऱ्याहून एक म्हातारी चालत आली. गिरणी बंद म्हटल्यावर ती डबा पुन्हा डोक्यावर चढवायला लागली. भाऊंनी तो तिच्या हातातून घेतला आणि तिला पोचवायला निघाले. नाक्यापर्यंतही गेले नसतील. डबा खाली ठेवून रस्त्याच्या कडेला बसले, छाती धरून. शेवटी म्हातारीनेच त्यांना गिरणीत आणून सोडलं.

पुढच्या वेळी मी बादली भरून ठेवली होती. त्यांनी ती पायाने हळूच बाजूला सारली. "नको वयनी. दारात आलेल्या बाईला रिकामं धाडायचं मला नाय जमनार." मी रागावले, सुनंदाची शपथ घातली, गिरणीतून निघून जा म्हणाले. ते कोरड्या दगडासमोर बसले आणि टकटक सुरू झाली. इतक्या गरीब स्वभावाच्या माणसाचा इतका हट्ट मी दुसरीकडे पाहिला नाही.

शेवटी सुनंदाने त्यांना उरणला नेलं. मी भेटायला गेले तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. आडवं झालं की श्वास पुरत नसे. "टाकी कोन लावतो?" त्यांनी पहिलं हेच विचारलं. मीच लावते, वेडीवाकडी, असं सांगितलं. "वला करता ना दगड?" मी मान खाली घातली. गिऱ्हाईक तुटतं, मी म्हणाले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "वला करायचा. बंद ठेवायची गिरनी. येतील त्या जातील परत." एवढं बोलायलाही त्यांना किती वेळ लागला! सुनंदा तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. दिवाळीच्या आत भाऊ गेले.

आता मी दगड ओला करते. दारावर पाटी लावते, बायका कुरकुरत माघारी जातात. खांदा कॉलनीतल्या एक बाई तर चक्क भांडून गेल्या. मला त्यांचा राग येत नाही. राग येतो तो भाऊंचा, आणि मग डोळ्यांना धार लागते. कारण दगड वाळला, पट्टा चढला, की सगळ्याजणी डबे घेऊन पुन्हा रांगेत उभ्या असतात. एकही कायमची तुटली नाही. त्यांचं काहीही अडलं नाही, भाऊ. कुणाचंच अडलं नसतं हो.