तिसरी गाडी

बन्सीधर मानवतच्या स्टँडवर तीस वर्षं एसटीच्या गाड्या पुकारायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी कादंबरी लिहायला घेतली आणि भिंतीवर तक्ता लावला. कोणतं पात्र कोणत्या प्रकरणात येणार, काय करणार, कधी जाणार, सगळं गाड्यांच्या वेळापत्रकासारखं आखलेलं. मी त्यांची शेजारीण. चाळीस वर्षं नाटकात कामं केली. आता गुडघ्यांनी पडदा पाडलाय, पण आवाज शाबूत आहे. म्हणून लिहून झालेलं प्रकरण दर गुरुवारी मी मोठ्याने वाचायचं, असं ठरलं.

कादंबरी दोन भावांची. वडील वारतात, थोरला गाडीत असतो आणि धाकटा त्याची वाट न पाहता अग्नी देतो. हे बन्सीधरांच्याच घरात घडलेलं. वालूरच्या धाकट्या भावाशी, महारुद्रशी, ते अकरा वर्षं बोललेले नव्हते. तक्त्यात शेवटच्या प्रकरणापुढे लिहिलं होतं: धाकटा पाय धरतो.

नवव्या प्रकरणाची वही देऊन ते बसेनात. खिडकीशी गेले, चष्मा पुसला, परत आले. मी वाचू लागले. तिरडी अंगणात, दिवस कललेला, माणसं घाई करतायत. आणि धाकटा पुन्हा पुन्हा फाट्यावर पळतोय. एक गाडी येते, थोरला उतरत नाही. दुसरी येते. तिसरी येते. माझाच आवाज चिरकला. रंगमंचावर मी तसं होऊ दिलं नसतं.

हे तक्त्यात नव्हतं, मी म्हणाले.

"न्हवतंच. याला निस्ता अग्नी द्यायला पाठवला होता अक्का, तर हा फाट्यावर पळायलाय. चारदा खोडलं. आता ह्यो पाय धरीना. कशापायी धरील?"

भूमिका हातात आली की मी लेखकाला विचारायचे तेच विचारलं. महारुद्र खरंच फाट्यावर गेला होता का?

त्यांनी वही मिटून काखेत घेतली. अकरा वर्षांत हे त्यांनी भावाला कधी विचारलंच नव्हतं.

पुढचे तीन गुरुवार वही आली नाही. बन्सीधर गल्लीत फेऱ्या मारत. एकदा पिशवी घेऊन स्टँडवर गेले आणि वालूरची गाडी डोळ्यांदेखत सोडून परत आले. जन्मभर दुसऱ्यांना गाडीत बसवलेला माणूस! चौथ्या गुरुवारी मीच दंडाला धरून त्यांना गाडीत बसवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते परतले आणि सांगू लागले. महारुद्रने चहा दिला, फाट्याचा प्रश्न ऐकून घेतला आणि बराच वेळ सुपारी कातरत बसला. मग म्हणाला, "दोन गाड्या पाह्यल्या दादा. तिसरीला लोकांनी थांबू दिलं न्हाई. मीबी लय भांडलो न्हाई."

वडील वारले त्या दिवशी बन्सीधर तिसऱ्या गाडीने उतरले होते.

माफी मागितली का त्याने, मी विचारलं.

"न्हाई. जेवू घातलं. मुक्कामाला ठेवून घेतलं."

मग त्यांनी वही उघडली, तिसरी गाडी खोडली आणि खाली नवीन ओळ लिहून माझ्यापुढे धरली. मी वाचली: थोरला उतरला तेव्हा फाट्यावर कोणी नव्हतं, फक्त धाकट्याच्या चपला राहिल्या होत्या.