अंधारा राहिलेला खळगा

“बाटली आणायची नव्हती, तर फोन कशाला केलास?”

“चुकलं माझं, वहिनी. पण ते औषध नाही, नुसती पावडर आहे.”

“आम्हाला पावडरही चालेल.”

नणंदेने मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. प्रयोगशाळेत तिला सगळे थेंबताई म्हणत. एकोणीस वर्षं ती पिपेटच्या बारीक नळीने थेंब सोडत होती, पण हात कधी हलला नव्हता. मेंदूतल्या प्रथिनाची घडी चुकीची बसली की त्याच्या गुठळ्या होतात. प्लेटमध्ये शहाण्णव खळगे, सगळ्यांत तेच प्रथिन, गुठळीला चिकटून चमकणारा रंग आणि प्रत्येकात एक वेगळा चिमुकला रेणू. जो खळगा अंधारा राहील, त्यातल्या रेणूने गुठळी होऊ दिली नाही असं धरायचं.

याच गुठळ्यांनी वडिलांना नेलं होतं. शेवटी शेवटी ते आरशातल्या माणसाला ‘बसा ना’ म्हणायचे आणि तो उभाच राहतो म्हणून रुसायचे. आता पाट्या रंगवणाऱ्या दादाचा ब्रश अक्षराबाहेर जाऊ लागला होता. तो चहाचा कप उचलायचा, तेव्हा त्याच्या मनगटाला वडिलांचाच हात लावलाय असं तिला वाटायचं.

म्हणूनच महिन्यापूर्वी एक खळगा काळाकुट्ट राहिला, तेव्हा तिला धीर धरवला नाही. रेणूमुळे नुसता रंगच विझतो का, ही नवख्यालाही ठाऊक असलेली तपासणी तेव्हा राहूनच गेली. तिने आधी घरी फोन लावला. औषध सापडलं म्हणून दादाने त्याच आठवड्यात वर्षभराची कामं अंगावर घेतली. मग त्या खळग्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली गेला. गुठळ्या जशाच्या तशा होत्या. रेणूने फक्त उजेड गिळला होता.

हे सगळं तिने आता वहिनीला सांगितलं.

“म्हणजे आत सगळं तसंच. नुसतं दिसेनासं झालं.”

“हो. आणि ते पोटात गेलं तर काय होईल, कुणालाच माहीत नाही.”

आतल्या खोलीत दादा शीळ घालत ब्रश धूत होता. महिनाभर तो असाच खुशीत होता. त्याला तूच सांग, माझ्याच्याने होणार नाही, असं वहिनी म्हणाली. मग आवाज खाली आणून तिने विचारलं,

“तूही त्याच बापाची लेक. उद्या तुझा हात हलायला लागला, आणि ती बाटली समोर असली, तर नाही घेणार?”

थेंबताईने पर्स उचलली. चपला पायांत सरकवल्या. आतली शीळ थांबली, “चाललीस का गं?” असं दादाने विचारलं, तोवर ती जिना उतरू लागली होती.