नमुन्यातली खोट

फिजिओथेरपीच्या बाईंसमोरून चालत जायची सोय नव्हती. माणूस दारातून खुर्चीपर्यंत येईतो बाईंनी त्याची कुंडली मांडलेली असायची. पिशवी कोणत्या खांद्यावर असते, बुटाची कुठली कड झिजलीय, गुडघा कधीपासून रुसलाय, सगळं. बाईंचं म्हणणं असं, की हालचाल डोळ्यांना दिसते, पण कळते अंगाला. म्हणून पेशंट गेला की त्या दार लोटून घ्यायच्या आणि त्याच्यासारखंच लंगडत खोलीभर दोन फेऱ्या मारायच्या. मग त्याला नेमकं कुठे अडतंय ते बाईंच्या कमरेला उमगायचं. रस्त्यात कोणी वेगळ्या ढंगाने चालताना दिसला, तरी त्याच्यामागे तश्शाच चालायच्या. नवरा बिचारा चार पावलं पुढे निघून जायचा, ओळखच नसल्यासारखा.

अशा या बाईंकडे टेलरमास्तर आले. साठी ओलांडलेली, अर्धांगवायूने डावी बाजू लुळी पडलेली. त्यांचं दुकान रस्त्यापासून तीन पायऱ्या वर, आणि धरायला कठडा नाही. धाकट्या भावाने स्पष्ट सांगितलं होतं, "दोन महिन्यांत या पायऱ्या एकट्याने चढलास तर किल्ली तुझी. नाहीतर दुकान दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकू." भाऊ वाईट नव्हता हो, घाबरलेला होता. पण मास्तरांचा सगळा जीव त्या दुकानात.

बाईंनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. गुडघा उचला, टाच आधी टेका, वजन इकडे घ्या. मास्तर आपले जागच्या जागी उभे. शेवटी वैतागून म्हणाले, "बाई, बोलून मला काही कळत नाही. गिऱ्हाईक तोंडी मापं सांगायला लागलं की मी म्हणतो, अंगाला बसणारा एखादा जुना सदरा आणून द्या. नमुना समोर असला की हुबेहूब शिवून देतो. तुम्ही पुढे चाला."

बाई जाम खूश झाल्या. आपल्या जातकुळीचा माणूस भेटला असं त्यांना वाटलं. मग रोज सकाळी दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात पुढे बाई आणि मागे काठी टेकत मास्तर, अशी वरात निघायची. महिनाभरात डावा पाय फरफटायचा थांबला.

पाचव्या आठवड्यात मात्र भलतंच सुरू झालं. मास्तर दर पावलाला उजवीकडे कलायला लागले. अहो, उजवी बाजू तर धडधाकट होती! बाईंनी त्यांचे बूट तपासले, काठीची उंची बदलली, पाठ चाचपून पाहिली. काही हाती लागेना. दार लोटून त्यांची चाल स्वतः चालून पाहिली, तर आणखीच नवल. अंगाला वेगळं असं काही जाणवलंच नाही.

पायरीवर माणूस असा कलला तर थेट खाली. बाईंचा पारा चढला. "मास्तर, उजवीकडे कशाला झुकताय? दुखणं डावीकडे आहे ना तुमचं?"

मास्तर गडबडले. "तुम्ही झुकता म्हणून झुकतो. मला वाटलं, तशीच पद्धत असेल."

जवळच नोंदी लिहीत बसलेल्या धाकट्या सहकारिणीने मान खाली घातली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "खरं आहे हे?"

"वर्ष झालं," ती पुटपुटली. "पण तुम्हाला कोण सांगणार?"

आपला उजवा खुबा दुखतो, हे बाईंना माहीत होतं. पण त्या समजत होत्या, कुठल्यातरी पेशंटची चाल अंगात राहून गेलीय. उसनं दुखणं, जाईल ज्याचं त्याच्याकडे. नवऱ्याने दोनदा विचारलं, तर "तू तुझं बघ" म्हणून त्याचं तोंड बंद केलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि त्यांना खरं लागलं ते स्वतःच्या दुखण्याचं नव्हे. या भल्या माणसाला आपण महिनाभर आपलं लंगडणं शिकवत होतो, याचं लागलं.

"उद्यापासून ही घेईल तुमचा व्यायाम," बाई म्हणाल्या.

"मला दुसरा नमुना नको," मास्तर तिथेच बाकावर बसले. "नमुन्यात खोट निघाली तर आम्ही तो फेकून देत नाही. उसवतो आणि नीट करतो. तीन आठवडे आहेत अजून."

तेव्हा कुठे बाई स्वतः तपासणीच्या टेबलावर आडव्या झाल्या. इतकी वर्षं त्या टेबलाशेजारी उभ्या होत्या, त्यावर कधी पडल्या नव्हत्या. धाकटीने कुशीवर वळवून पाय वर उचलायला सांगितला आणि वरून हाताने हलकेच दाबलं. पाय लगेच खाली आला. बाईंना रडू फुटलं. "घाबरू नका, घाबरू नका, असं किती जणांना सांगितलं गं मी," त्या म्हणाल्या. "सांगायला काय जातं?" धाकटीने त्यांचा पाय पुन्हा उचलून धरला आणि आकडे मोजायला लागली.

पुढचे तीन आठवडे दोघांच्या सतरंज्या शेजारी शेजारी. मास्तर कुरकुरत करायचे, बाई चुकवायला बघायच्या. डॉक्टर आणि वैद्य सगळे सारखेच, स्वतःचं औषध कडूच लागतं त्यांना.

ठरल्या दिवशी सगळे दुकानासमोर जमले. भाऊ पायऱ्यांशी हाताची घडी घालून उभा राहिला. मास्तरांनी पहिली पायरी घेतली, दुसरीवर जरा थांबले, तिसरीही चढले. सरळ, ताठ. भाऊ वर गेला, त्यांच्या हातात किल्ली ठेवली आणि डोळे पुसायला तोंड फिरवून उभा राहिला.

मास्तरांनी कुलूप काही उघडलं नाही. वळून म्हणाले, "बाई, आता तुम्ही चढा. मी बघतो."

"मला कशाला?"

"चढा तर."

बाई चढल्या. चांगल्या चढल्या, पण दुसऱ्या पायरीवर अंग जरासं उजवीकडे गेलंच.

"कललात," मास्तर म्हणाले. "खाली जा, परत या."

आणि बाई मुकाट्याने खाली उतरल्या.