एल्वियोचा मासा

टाकुआरेंबोतला न्हावी एल्वियो तोंड चालल्याशिवाय कात्री चालवत नसे, आणि अधूनमधून नळीने कडू माते चहा ओढल्याशिवाय त्याचं तोंड चालत नसे. मागच्या खेपेला छातीत कळ आली, तेव्हा जिभेखालची गोळी त्याने चहाच्या घोटाबरोबर पोटात ढकलली. कळ तशीच राहिली आणि ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली.

आज कळ येताच बायकोने, निल्दाने, चहा लांब ठेवला आणि त्याला गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या, रिकाम्या खुर्चीत बसवलं.

“गोळी जिभेखाली विरघळू दे. चावू नकोस, गिळू नकोस आणि बडबड तर मुळीच नको! पाच मिनिटांत कळ थांबली नाही, तर मी फोन करणार.”

अर्धी दाढी झालेल्या वॉशिंग्टनला आयतीच संधी मिळाली.

“एल्वियो, तू पकडलेला तो मासा पहिल्यांदा दोन हात होता. आता चार हात झालाय. मेल्यावर वाढतो काय रे?”

एल्वियो नुसता डोळे वटारत राहिला. निल्दाची नजर घड्याळावरून हलत नव्हती. चौथ्या मिनिटाला कळ ओसरली, गोळीही विरघळली.

“बरं वाटतंय का रे?” तिने विचारलं.

“एकदम बरं. आणि वॉशिंग्टन, खरं सांगतो, मासा एकच हात होता.”

निल्दाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने धावत जाऊन फोन उचलला.