एशियाडची उजवी रिकीब

बाबाराव जन्मभर एसटीचे ड्रायव्हर. ड्यूटीवर आले की आधी आरसा बघायचे, मग सीट, आणि आपल्या आधी गाडीवर कोण बसून गेलं ते ओळखून त्याच्या नावानं बोटं मोडायचे. रिटायर झाले तरी ती संशयी नजर सोबत घरी आली. बाभुळगावच्या त्यांच्या अंगणात आता गाडीऐवजी एक तांबूस घोडी उभी असते. तिचं नाव त्यांनी एशियाड ठेवलं, कारण अख्ख्या नोकरीत मनासारखी चालवायला मिळालेली गाडी म्हणजे एसटीची निमआराम एशियाड.

घोडीचा नाद कसा लागला, हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. पोरं पुण्याकडे, घर रिकामं. बायको पंचफुला म्हणायची, "रिटायर झाले का माणसं सकाळी फिरायले जाते. तुमी घोडीची लीद काढायले जाता." सकाळी खरारा करताना ते घोडीशी जेवढं बोलायचे, तेवढं बायकोशी दिवसभरात बोलत नसत. तिला ते लागायचं, पण घोडीपुढे रोज गुळाचा खडाही तीच धरायची.

घोड्यातलं त्यांना जे काही कळलं ते डोंगरसिंगमुळे. जवळच्या तांड्यावरचा हा माणूस एके काळी वरातीच्या घोड्या बाळगायचा. एक घोडी बँडला बुजली, तिनं त्याला पाडलं, त्याचा डावा पाय मोडला आणि जुळला तो आखूड अन् ताठ. पुढे त्यानं घोड्या विकून टाकल्या; आता बसायची हौस नाही, म्हणायचा. पण एशियाडचे खूर तासायला, पोटाखालचा तंग किती आवळायचा ते दाखवायला तो लंगडत यायचा, चहा घ्यायचा, घोडीच्या मानेवर हात फिरवून निघून जायचा. त्याचं सगळंच बाबाराव ऐकत, असं मात्र नव्हे. काटेरी लगाम टाकून साधा घे, म्हणाला, ते ऐकलं. डावीकडून चढत जा, म्हणाला. ते हसण्यावारी नेलं. पाय अडकवायच्या रिकिबींना नायलॉनचे पट्टे लाव, म्हणाला, तेव्हा तर नाकच मुरडलं. नायलॉन शेळीला ठीक! त्यांनी रात्रंदिवस मोबाइल धुंडाळून मऊसूत कोऱ्या चामड्याचं, पितळी रिकिबींचं खोगीर मागवलं आणि आठवडाभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवलं.

दिवाळी उलटली आणि एका सकाळी घोडीवर बसले तर उजवा पाय लोंबतोय. उतरून मोजलं. उजवी रिकीब डावीपेक्षा चांगली दोन बोटं खाली. त्यांनी पट्टा एक भोक वर घेतला. काही दिवसांनी पुन्हा तेच. म्हणजे आपल्यामागं कोणीतरी घोडीवर बसतं, आणि स्वतःच्या मापानं रिकीब सोडून ठेवतं!

मग बाबारावांना चैन पडेना. रात्री घोडी बांधायच्या गोठ्याच्या दारात राख पसरून ठेवली, तर तीत मांजराचे पाय उमटले. दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या तंगड्या ते चोरून न्याहाळू लागले. उजवा पाय लांब आणि डावा आखूड असा माणूस कोण? उत्तर समोर चहा फुंकत बसलेलं होतं. डोंगरसिंग दिसला की घोडी खिंकाळायची, ही गोष्ट त्यांना आजवर गोड वाटत होती. आता तीच खुपायला लागली. जन्म घोड्यावर गेला, आणि हा म्हणतो मला आता बसायची हौस नाही? कोण मानेल?

एके दिवशी तो खूर तासून उठला आणि बाबारावांच्या तोंडून निघून गेलं, "डोंगरसिंग, माह्या मांगं घोडी काहून नेतं? मांगितली असती त देली नसती का?"

"मी नेतो?"

"रिकीबच सांगून राह्यली. तुह्या पायाचं माप हाय ते."

डोंगरसिंगनं हत्यारं फडक्यात गुंडाळली. दारातून जाताना त्याचा ताठ पाय उंबऱ्याला अडला, आणि पंचफुलाला रडूच आलं.

तो यायचा बंद झाला. बाबारावांनी खोगीर लोखंडी कपाटात, बायकोच्या लुगड्यांखाली कोंबलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. लुगड्यांना घोडीचा वास लागला. चोर मिळाला म्हणून ते निवांत झाले, आणि थोड्याच दिवसांत उजवी रिकीब पुन्हा खाली!

त्यांनी हळूच मान वळवली. घरात आणखी कोण होतं?

"पंचफुला, खरं सांग. तू बसते का तिच्यावर?"

पंचफुला कणकेच्या हातानंच बाहेर आली. "चढा. माह्यासमोर चढा. पाहू द्या मले, कोण बसते त."

बाबाराव रागारागानं घोडीच्या उजव्या अंगाला गेले. उजवा पाय रिकिबीत घातला, खोगीर धरून एकदा लोंबले, दोनदा लोंबले, आणि सगळं वजन त्या एका पट्ट्यावर टाकून वर गेले. चामडं कुरकुरलं.

"डोंगरसिंगभाऊ त डावीकून चढा म्हणे. तुमी तिकून काहून चढता?"

"जन्मभर तिकूनच चढलो. ड्रायव्हरचं दार कोण्या बाजूनं असते?"

बोलून झालं आणि त्यांनीच खाली पट्ट्याकडं पाहिलं. रोज चढायचे ते, कोरं चामडं ताणायचे ते, आणि चोर मात्र डोंगरसिंग. तोंड कुठं लपवावं, कळेना.

ते तसेच घोडीवरून तांड्यावर गेले. डोंगरसिंग घरापुढे बाजेवर बसला होता. तो उठला नाही.

"चुकलो रे. पट्टा मीच ताणून राह्यलतो."

डोंगरसिंगनं आधी घोडीकडे बघितलं. मग म्हणाला, "पाय मोडला तवापासून मी घोडीवर बसलोच नाही, बाबाराव. डाव्या पायावर अंग उचलत नाही. अन् लोकाईनं उचलून बसवायले मी काय नवरदेव हाव?"

इतके दिवस बाबारावांनी त्याचा पाय मनातल्या मनात मोजला होता. विचारलं मात्र एकदाही नव्हतं. त्यांना स्वतःची अगदी शिसारी आली. ते खाली उतरले, उजवीकडूनच. आणि तिथंच थांबले.

"इकून चढ," ते म्हणाले. "उजव्या पायानं. हिले इकूनच सवय हाय."

दुसरी घोडी असती तर बिचकली असती. एशियाड स्टँडवरच्या गाडीसारखी उभी राहिली. डोंगरसिंगनं चांगला पाय रिकिबीत घातला, अंग उचललं. ताठ पाय बाबारावांनी पलीकडे जाऊन हातांनी धरला आणि डाव्या रिकिबीत बसवला. दोन्ही रिकिबी त्याला बरोबर आल्या.

डोंगरसिंगच्या डोळ्यांत पाणी होतं. लगाम सैल सोडून तो शेतांकडच्या वाटेनं निघाला. बाबाराव बाजेवर बसले. कुठवर जातो, कधी येतो, हे त्यांनी विचारलं नाही.